अष्टमुडीच्या तिसऱ्या: मोजणी कुठे टिकली आणि कुठे सुटली

कोकणच्या बाजारात तिसऱ्या म्हणून जे शिंपले वाट्यावर विकले जातात, त्यांतली एक जात पाफिया मलबारिका. केरळात कोल्लम शहराला लागून असलेल्या अष्टमुडी कायलात हीच जात ‘पूवन कक्का’ म्हणून ओळखली जाते. आपल्याकडे ती खाडीकाठच्या बायकांची रोजची कमाई आणि जेवणातली आवडीची गोष्ट. तिथे मात्र तिच्यावर निर्यातीचा धंदा उभा राहिला, तो अती झाला, कोसळला, नियमांनी सावरला, जगमान्य प्रमाणपत्रापर्यंत पोहोचला आणि पुन्हा घसरला. किनाऱ्यालगतच्या लहान मासेमारीवर शास्त्रीय देखरेख कशी ठेवावी आणि ती कशी अपुरी पडते, हे समजून घ्यायला भारतात यापेक्षा चांगले प्रकरण आमच्या माहितीत नाही.

जागा आणि धंदा

कायल म्हणजे समुद्राला तोंड असलेले खाडीसरोवर. अष्टमुडीला आठ फाटे आहेत, नावही त्यावरूनच. क्षेत्र साधारण ६१ चौरस किलोमीटर. कल्लडा नदी वरून गोडे पाणी आणते आणि नींडकरा येथे कायलाचे तोंड अरबी समुद्रात उघडते. २००२ मध्ये अष्टमुडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तिसऱ्यांचे दाट पट्टे तोंडाजवळच्या भागात असतात, कारण तिथे तळ रेताड आहे आणि भरतीबरोबर खारे पाणी रोज येते. आत गेलो की गाळ वाढतो, क्षारता उतरते. काही फाट्यांत नारळाची सोडणे कुजत घातली जात, त्यामुळे तळाशी सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड साचतो आणि तिथे तिसरी तग धरत नाही.

काढण्याची पद्धत साधी आहे. उथळ पाण्यात पायाने चाचपायचे, खोल असेल तर बुडी मारून हाताने गोळा करायचे, नाहीतर होडीतून लांब काठीला बांधलेली लोखंडी दात्यांची पेटी तळावरून ओढायची. पेटीच्या मागे जाळ्याची पिशवी असते. काठावर तिसऱ्या उकडतात, चाळणीवर हलवून मांस वेगळे करतात, टरफले चुन्याला जातात आणि मांस गोठवण्याच्या कारखान्यात. काढणारे, साफ करणारे, उकडणारे आणि विकणारे धरून सुमारे ३,००० माणसांचे पोट यावर चालत असे.

व्यापारी काढणी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वाढली. व्हिएतनाम, थायलंड, मलेशिया इथून मागणी आली होती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला १०,००० टनांपर्यंत माल निघू लागला आणि १९९३ मध्ये तो जवळजवळ निम्म्यावर आला.

१९९३ चे नियम आणि ते का चालले

कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्या वर्षी दिलेला सल्ला थोडक्यात असा: डिसेंबर ते फेब्रुवारी काढणी बंद, जाळ्याची आस (डोळ्याचा आकार) किमान ३० मिलिमीटर, निर्यातीच्या मांसात एका किलोत १,४०० पेक्षा जास्त नग नकोत, यंत्राने काढणी अजिबात नाही.

चारही नियमांना जीवशास्त्राचा आधार आहे. पण आमच्या मते ते टिकले त्याचे कारण निराळे होते. यातले महत्त्वाचे नियम अशा ठिकाणी बसवले होते, जिथे कमी माणसांत तपासणी होऊ शकते.

बंदीचे तीन महिने घ्या. तिसरीत नर आणि मादी वेगळे असतात. दोघे आपले बीज पाण्यात सोडतात आणि फलन बाहेर, पाण्यातच होते. पावसाळ्यात कायलाचे पाणी गोडे होते, ते ओसरून क्षारता पुन्हा चढली की प्रजनन जोर धरते. अळी काही दिवस पाण्यात तरंगते, मग तळाला बसून टरफल धरते. या काळात पेटी ओढली तर दोन नुकसाने होतात: प्रौढ तिसऱ्या कमी होतात आणि नुकते बसलेले, तांदळाच्या दाण्याएवढे बी चिरडते. बाहेर फलन होणाऱ्या जिवात तिसऱ्यांच्या संख्येपेक्षा त्यांची दाटी महत्त्वाची असते. एकमेकींपासून लांब विखुरलेल्या हजार तिसऱ्यांची बीजे पाण्यात एकमेकांना गाठण्याआधीच विरून जातात. एका पट्ट्यात दाट बसलेल्या दोनशे तिसऱ्या त्यांच्यापेक्षा जास्त बी देऊ शकतात. म्हणून बंदी हा केवळ विसावा नसतो, ती दाटी राखण्याची सोय असते. देखरेखीच्या दृष्टीने बंदीचा फायदा हा की ती दुरून दिसते. जानेवारीत दात्यांची पेटी घेतलेली होडी पाण्यावर असेल, तर मोजपट्टी लागत नाही.

नगांचा नियम त्याहून हुशारीचा. हजारो माणसे, शेकडो होड्या, दिवसभर वेगवेगळ्या वेळी उतरणारा माल. प्रत्येकाच्या टोपलीत कॅलिपर (लांबी मोजण्याचे साधन) लावणे कोणत्याही खात्याला शक्य नाही. पण निर्यातीचा सगळा माल शेवटी मोजक्या कारखान्यांच्या दारातून जातो. किलोत १,४०० नग म्हणजे एका नगाचे सरासरी मांस ०.७१ ग्रॅम. त्याहून लहान माल कारखान्याने घेतला नाही की उकडणारा तो घेत नाही, आणि उकडणारा घेत नाही म्हटल्यावर बुडी मारणारा लहान तिसऱ्या पाण्यातच सोडतो. नियम दारावर लावला आणि त्याचा धाक तळापर्यंत पोहोचला.

तपासणीची रीत अशी ठेवावी: मालाच्या एका खेपेतल्या निदान पाच खोक्यांतून थोडे थोडे मांस घ्या, चाळणीत पाच मिनिटे निथळू द्या, २५० ग्रॅम तोला आणि नग मोजा. ३५० च्या आत असतील तर माल चालतो.

चुका कुठे होतात हेही सांगायला हवे, कारण नगांची मोजणी दिसते तितकी निर्दोष नाही. पहिली चूक सरासरीची. ०.४ ग्रॅमचे आणि १.१ ग्रॅमचे नग निम्मे-निम्मे मिसळले तर सरासरी ०.७५ ग्रॅम येते, म्हणजे किलोत सुमारे १,३३३ नग. माल पास होतो, पण त्यातला अर्धा लहान असतो. उपाय सोपा आहे: नमुन्यातले सगळ्यात लहान वीस नग बाजूला काढून वेगळे तोलायचे आणि त्यांचीही मर्यादा ठरवायची. दुसरी चूक ऋतूची. बीज सोडून झाल्यावर तिसरी आतून रोडावते. टरफल तेवढेच, मांस कमी. मार्चमधला मोठ्या टरफलाचा माल नगांत नापास होऊ शकतो. तिसरी चूक उकडण्याची. जास्त उकडले की मांस आकसते आणि प्रामाणिक माणसाचा माल अडतो, तर पाण्यात भिजत ठेवलेला लहान माल सुटतो. म्हणूनच नगांच्या जोडीला उकडण्याआधी टरफलांची लांबी मोजलेली असावी. एकाच्या चुका दुसऱ्यात उघड्या पडतात.

जाळ्याच्या आसेचा नियम यांत सगळ्यात कच्चा. ३० मिलिमीटर आस ताणून मोजायची की गाठीपासून गाठीपर्यंतची एक बाजू, यावर प्रत्यक्षात दुपटीचा फरक पडतो. ताणून ३० म्हणजे एक बाजू १५. शिवाय तिसरी आसेतून जाते ती लांबीने नाही, उंची आणि जाडीने. त्यात पेटी ओढताना पिशवी ताणली जाते, आस लांबट होऊन मिटते आणि टरफले भरली की लहान तिसऱ्यांना वाट राहत नाही. खरी निवड होडीवरच्या चाळणीत होते. चाळून खाली पडलेल्या तिसऱ्या तिथेच, होडी हळू सरकवत, पसरून सोडाव्या लागतात. एका जागी ढीग ओतला तर खालच्या गुदमरतात आणि वरच्या खेकड्यांना मिळतात.

प्रमाणपत्र

या नियमांवर अष्टमुडीचे उत्पादन सावरले आणि पुढे बराच काळ वर्षाला १०,००० टनांच्या आसपास राहिले. नोव्हेंबर २०१४ मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या टिकाऊ मासेमारीला मान्यता देणाऱ्या जागतिक संस्थेचे प्रमाणपत्र मिळाले. भारतातली ही पहिलीच मासेमारी. संशोधन संस्थेबरोबर डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया या निसर्गसंवर्धन संस्थेने त्यासाठी मेहनत घेतली होती. डोळ्यांसमोर उदाहरण होते व्हिएतनामच्या बेन त्रे प्रांतातल्या शिंपल्यांचे. तिथल्या सहकारी गटांना ते २००९ मध्ये मिळाले होते.

या प्रमाणपत्राची परीक्षा तीन भागांत होते: साठा टिकून आहे का, आजूबाजूच्या जीवसृष्टीवर काय परिणाम होतो, आणि कारभार कोण, कसा चालवतो. प्रत्येक कसोटीला गुण. एकाही कसोटीत ६० च्या खाली गेले की नापास. ६० ते ८० मध्ये असले तर अट घालून पास, आणि प्रत्येक भागाची सरासरी ८० हवी. प्रमाणपत्र पाच वर्षांचे, दरवर्षी पाहणी. लहान मासेमारीला यात सगळ्यात जड जातो तो कागद: साठ्याची मर्यादा किती, त्याखाली गेलो तर कोण काय करणार, हे आधी लिहून ठेवावे लागते. त्या निमित्ताने अष्टमुडीत काढणारे, व्यापारी, मत्स्यव्यवसाय खाते आणि संशोधक एका परिषदेत बसू लागले. आमच्या दृष्टीने प्रमाणपत्राचा खरा लाभ हाच, मालाच्या खोक्यावर लागणाऱ्या प्रमाणपत्राच्या निळ्या खुणेपेक्षा मोठा.

मोजणी प्रत्यक्षात कशी होते

तीन आकडे लागतात: किती माल निघाला, तो केवढ्या आकाराचा, आणि तळाशी किती उरला. पहिला मिळवणे सोपे वाटते आणि तिथेच पहिली फसगत होते.

माल = होड्या × दिवस × दर होडीचा सरासरी माल. समजा १५० होड्या, महिन्यात २२ दिवस, दर होडी १८० किलो: ५९४ टन. आता होड्या नोंदणीवहीत १५० आहेत, दर होडीचे किलो नीट तोललेले आहेत, पण उधाण, पाऊस, लग्नसराई आणि भाव पडल्याने प्रत्यक्ष काम १६ दिवसच झाले. मग खरा आकडा ४३२ टन. १६२ टनांची चूक, आणि तीही तराजूला हात न लावता. म्हणून महिन्यात निदान सहा दिवस, कोणते ते आधी चिठ्ठ्या टाकून ठरवावे आणि त्या दिवशी पहाटेपासून पाण्यावर प्रत्यक्ष गेलेल्या होड्या मोजाव्यात. नोंदणीवहीवर विसंबू नये. सोयीचे दिवस निवडले की माल भरपूर असलेलेच दिवस निवडले जातात.

आकारासाठी दर महिन्याला दोनशे तिसऱ्यांची लांबी व्हर्नियर कॅलिपरने, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, मिलिमीटरमध्ये घ्यावी. नमुना चाळणीच्या आधीचा हवा. चाळलेल्या ढिगातून घेतला तर लहान तिसऱ्या त्यात असणारच नाहीत आणि ‘यंदा बी लागले नाही’ असा खोटा निष्कर्ष निघेल. लांबी दोन-दोन मिलिमीटरच्या गटांत मांडली की बियांची पिढी महिन्यागणिक उजवीकडे सरकताना दिसते. तो सरकण्याचा वेग म्हणजे वाढ. एका वर्षी डाव्या बाजूचा उंचवटाच आला नाही, तर ती पुढच्या वर्षीच्या तुटीची सूचना असते, मालाचे आकडे घसरायच्या कितीतरी महिने आधी मिळालेली.

तिसरा आकडा सगळ्यात कष्टाचा. अर्धा मीटर बाजूची लोखंडी चौकट तळावर ठेवायची, तिच्या आतली रेती वीतभर खोल उपसायची, बारीक चाळणीत धुवायची, मोजायची, तोलायची. चौकट पाव चौरस मीटरची. एका चौकटीत सरासरी १२ तिसऱ्या म्हणजे चौरस मीटरला ४८, हेक्टरला ४ लाख ८० हजार. सरासरी ८ ग्रॅम धरले तर हेक्टरला सुमारे ३.८ टन. मग पट्ट्याचे क्षेत्र जीपीएस घेऊन होडीने कडेकडेने फिरून आखायचे आणि गुणायचे.

अडचण अशी की तिसऱ्या सारख्या पसरलेल्या नसतात. एका चौकटीत साठ, पुढच्या पाचांत शून्य. चौकटी-चौकटींतल्या आकड्यांचा फरक (प्रमाण विचलन) सरासरीच्या दुप्पट असला आणि चौकटी ४० टाकल्या, तर अंदाजाची खालची-वरची मर्यादा ६३ टक्क्यांच्या आसपास जाते. १०० टन म्हटले तर खरे ३७ असू शकतात किंवा १६३. चौकटी १६० केल्या तर मर्यादा निम्म्यावर, ३२ टक्क्यांवर येते. चौपट श्रमांत निम्मी चूक. श्रम वाचवायचे असतील तर आधी बुडी मारणाऱ्यांना विचारून पट्ट्याचे दाट, मध्यम आणि विरळ असे तीन भाग पाडावेत आणि प्रत्येकात वेगळ्या चौकटी टाकाव्यात. इथे मच्छीमाराच्या पायाला असलेले ज्ञान आणि सांख्यिकी एकमेकांना थेट उपयोगी पडतात. ही पाहणी वर्षातून एकदा, बंदी उठण्याच्या अगोदर, त्याच महिन्यात आणि त्याच खुणांवर व्हावी.

होडीमागचा माल फसवतो

चौकटीचे कष्ट टाळण्याचा मोह सगळ्यांना होतो. म्हणतात, दर होडीमागे किलो किती येतात ते पाहा. कमी झाले की साठा कमी झाला. पोहणाऱ्या माशांसाठी हे काही अंशी चालते. तिसऱ्यांसाठी ते धोक्याचे आहे.

शंभर हेक्टरचा पट्टा समजा. काढणारे अडाणी नाहीत, ते दाट जागीच पेटी टाकतात. ती जागा विरळ झाली की पुढच्या दाट जागी सरकतात. पट्टा आटत आटत चाळीस हेक्टरांवर येतो, पण उरलेल्या चाळीसांत दाटी तशीच असते आणि होडीमागचे किलोही तसेच. वहीत पाच वर्षे सगळे सुरळीत दिसते. मग शेवटची दाट जागा संपते आणि आकडा एका हंगामात कड्यावरून पडावा तसा पडतो. १९९३ सारखी एका फटक्यातली घसरण एका जागी बसणाऱ्या जिवांत म्हणूनच नवलाची नसते. होडीमागच्या मालाबरोबर होडी कुठे गेली तेही लिहावे: कायलाच्या नकाशावर चौकोन आखायचे, रोज उतरणाऱ्याला एवढेच विचारायचे, आज कोणत्या चौकोनात? वर्षाअखेर वापरलेले चौकोन घटत असतील तर किलो स्थिर असूनही घंटा वाजवावी.

जे वहीत नव्हते

प्रमाणपत्रानंतरच्या वर्षांत अष्टमुडीची तिसरी पुन्हा उतरणीला लागली. आज ते प्रमाणपत्र चालू नाही. काढणी हे एकच कारण यामागे नाही. प्रदूषण, कायलाच्या परिसंस्थेतले बदल आणि एक परका शिंपला, असा सगळा मिळून तो घाला आहे.

परका शिंपला म्हणजे मायटेला स्ट्रिगाटा. मूळ गाव अमेरिका खंडाचे उष्ण किनारे; असे जीव जहाजांच्या तळाला चिकटून किंवा त्यांच्या टाक्यांतल्या पाण्यातून फिरतात. केरळच्या अनेक कायलांत तो पसरला, आणि सर्वांत दाट अष्टमुडीत. लोकांनी त्याला ‘वरत्तन कक्का’ म्हटले, म्हणजे बाहेरून आलेला. क्षारतेचे मोठे चढउतार तो सोसतो, चिकट तंतूंनी खांब, कालवे (खडकाला चिकटणारे शिंपले) आणि तळ यांवर गालिच्यासारखा बसतो. रेतीत पुरलेली तिसरी दोन नळ्या वर काढून श्वास घेते आणि खाते. वरून गालिचा पडला की अन्नही वाटले जाते आणि गाळही धरला जातो.

१९९३ च्या चारही नियमांपैकी एकही याला अडवू शकत नव्हता. ते सगळे माणसाच्या हाताला बांध घालणारे होते. ही नियमांची चूक नव्हे. ते ज्या दुखण्यावर दिले होते ते त्यांनी वीस वर्षे बरे ठेवले. पण पाण्याची आणि तळाची मोजणी मालाच्या मोजणीच्या बरोबरीने, त्याच कारभाराच्या टेबलावर यायला हवी. तीन गोष्टी फार स्वस्तात होतात.

नोंद जातवार हवी. वहीत नुसते ‘कक्का’ लिहिले आणि परक्या शिंपल्याचा मालही त्याच रकान्यात पडला, तर एक जात संपत असताना बेरीज स्थिर दिसते. मराठी वहीतही हाच धोका: ‘शिंपले’ या एका शब्दाखाली तिसऱ्या, मुळे, खुबे सगळे जाते.

क्षारता तळाची घ्यावी. गोडे पाणी हलके, ते वर तरंगते. पावसाळ्यात होडीत बसून ओंजळीने घेतलेला नमुना जवळजवळ गोडा निघतो आणि तळाशी तिसरी अजून खाऱ्या पाण्यात असते. वजन बांधलेली बूच लावलेली बाटली तळाला सोडायची, बुचाची दोरी ओढायची, भरू द्यायची. हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजण्याच्या उपकरणावर) दोन थेंब पुरतात. दर वेळी आधी शुद्ध पाण्याने शून्य जुळवावे. हे न करणे ही सगळ्यात नेहमीची चूक. पंधरवड्याला एकदा, भरतीच्या आणि ओहोटीच्या टोकाला, पाच ठरलेल्या जागी.

आणि चौकटीत मेलेल्यांचीही मोजणी. दोन्ही झापा जोडलेल्या, आतून स्वच्छ रिकाम्या टरफलांची संख्या जिवंतांशी ताडून पाहावी. त्या ताज्या मृत्यूच्या खुणा आहेत. सुटी, झिजलेली टरफले जुनी असतात, ती धरू नयेत. जिवंत ५० आणि जोडलेली रिकामी ३० असे एखाद्या फाट्यात दिसले, तर कारण त्या फाट्याच्या पाण्यात शोधावे, काढणाऱ्यांना दटावण्यात वेळ घालवू नये. लहान मासेमारीत हा अन्याय वारंवार होतो. साठा घटला की बोट पहिल्यांदा गरीब काढणाऱ्याकडे जाते, कारण तो समोर उभा असतो. जोडलेल्या रिकाम्या टरफलांचा आकडा त्याच्या बाजूने बोलू शकतो.

बी सोडणे

२०२५ मध्ये संशोधन संस्थेने अष्टमुडीत हॅचरीत (बीजनिर्मिती केंद्रात) वाढवलेले तिसऱ्यांचे ३० लाख बी निवडक जागी सोडले. तिच्या विळिंजम केंद्रात हे बी तयार होते. आकडा मोठा वाटतो, म्हणून त्याचे गणित मांडणे जरूर आहे. समजा ३० टक्के जगले: ९ लाख. प्रत्येकी १० ग्रॅम झाले तर ९ टन. १०,००० टनांच्या जुन्या उत्पादनापुढे हे काहीच नाही, आणि पीक म्हणून पाहिले तर निराशाच पदरी येईल. पण हे पीक नाही, विरजण आहे. ९ लाख तिसऱ्या दहा हेक्टरांत उधळल्या तर चौरस मीटरला ९ पडतात. एका हेक्टरात ठेवल्या तर ९०. दुसऱ्या रीतीत दाट झुंडी तयार होतात, त्यांची बीजे एकमेकांना गाठतात आणि अळ्या भरतीबरोबर पसरतात.

म्हणून अशा पट्ट्यावर यश मोजताना किती जगल्या एवढेच पाहून चालणार नाही. शेजारच्या, बी न सोडलेल्या पट्ट्यांत पुढच्या पावसाळ्यानंतर दोन-पाच मिलिमीटरचे नवे बी दिसते का, हा प्रश्न आहे. तुलनेसाठी दूरचा, तोंडापासून तेवढ्याच अंतरावरचा एक पट्टा धरावा, नाहीतर चांगल्या पावसाचे श्रेय हॅचरीला जाईल. सोडण्याआधी त्या जागेवरचा परका शिंपला खरवडून काढावा. सोडताना पाणी संथ, ओहोटी संपताना, बी हाताने शिंपडून. वेगाच्या ओढीत सोडले तर बी मुरायच्या आत वाहून जाते. पहिल्या आठवड्यात खेकडे सर्वाधिक खातात, तेव्हा काही चौकोनांवर जाळे अंथरून, काही उघडे ठेवून फरक पाहावा.

आपल्या खाड्यांत

महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला: पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०. हे नियम बंदरावर उतरणाऱ्या मालासाठी उपयोगी आहेत. ओहोटीला गुडघाभर पाण्यात वाकून तिसऱ्या काढणाऱ्या बाईपर्यंत मात्र बंदरावरची देखरेख पोहोचत नाही. तिच्याकडे ना होडीचा परवाना असतो, ना तिचा माल कुठल्या वहीत चढतो.

अष्टमुडीची एक गोष्ट इथे जशीच्या तशी लागू होणार नाही. तिथे कारखान्याचे दार होते. कोकणात तिसऱ्या स्थानिक बाजारात, घरोघरी आणि हॉटेलांत जातात. नगांचा नियम लावायला अरुंद जागाच नाही. इथे अरुंद जागा म्हणजे खाडीत उतरण्याच्या दोन-तीन पायवाटा. त्या वाटेवर गावच्याच बायकांच्या बचत गटाने महिन्यात चार ओहोट्यांना बसावे, अमावास्या आणि पौर्णिमेनंतरच्या मोठ्या सुकतीला, कारण सर्वांत जास्त माणसे तेव्हाच उतरतात. किती जणी उतरल्या, प्रत्येकीचे किती किलो, खाडीचा कुठला भाग, आणि न निवडलेल्या टोपलीतून मूठभर, पन्नास तिसऱ्यांची लांबी. कॅलिपर नसेल तर लाकडी फळीवर चिकटवलेली पट्टी आणि एका टोकाला ठोकलेली आडवी पट्टी पुरते. तिसरी आडव्या पट्टीला टेकवायची आणि आकडा वाचायचा. बसणाऱ्या बाईला त्या ओहोटीची मजुरी मिळालीच पाहिजे, कारण ती सुकती तिची स्वतःची कमाईची असते. फुकट मोजणी तिसऱ्या महिन्याला बंद पडते.

बंदीचे महिनेही केरळचे उसने घेऊ नयेत. कोकणातला पाऊस वेगळा, नद्या आखूड, पाणी लवकर ओसरते. वर्षभर दर महिन्याला पंधरा प्रौढ तिसऱ्या उघडून पाहाव्यात: पोटाजवळचा भाग भरलेला, दुधाळ आहे का, दाबला की पांढरे बीज निघते का, की तो पातळ आणि पारदर्शक झाला आहे. ज्या महिन्यात दुधाळ तिसऱ्यांचे प्रमाण एकाएकी पडते, तो बीज सुटल्याचा महिना. त्याच्या आधीचा एक आणि नंतरचे दोन महिने ही त्या खाडीची बंदी. एका खाडीतली शेजारच्या खाडीला जुळेलच असे नाही, आणि ती ठरवण्याची सभा उतरणाऱ्या बायकांना सोयीच्या वेळी, भरतीच्या वेळेला घ्यावी.